तळं उपसायचं म्हणजे नेमकं काय?

माझी मुलगी तळी साफ करते. कोणी विचारलं की मी असंच सांगते, आणि समोरचा माणूस हमखास म्हणतो, "अरे वा, छान छंद आहे!" छंद! चहा धड गळ्याखाली उतरायच्या आत गमबूट चढवून निघायचं, मांडीभर गार पाण्यात उभं राहायचं, संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं, अंगाला शेवाळाचा वास आणि नखांत काळा गाळ. याला छंद म्हणतात? मग दात काढणाऱ्या डॉक्टरला कोणी का नाही विचारत, की काय हो, लहानपणापासूनच आवड का?

घरात तिला आम्ही पाणकोंबडी म्हणतो. नाव तिच्या भावाने ठेवलं. ती जेमतेम बोलायला लागली होती तेव्हा मागच्या अंगणात कपडे धुवायचा एक हौद होता. मी वाळत घालायला वळले आणि परत बघते तर हौदाच्या काठावर दोन पाय वर. डोकं पाण्यात. मी किंचाळत धावले, पायाला धरून तिला बाहेर ओढलं, पालथी घातली, पाठ थोपटली. मी रडतेय, शेजारच्या बायका धावत आल्यात, आणि ही खोकून झाल्यावर मूठ उघडून मला दाखवते. मुठीत साबणाची वडी. "पडली होती," म्हणाली.

माझ्या जिवाला तेव्हा जो घोर लागला तो आजतागायत सुटलेला नाही.

शिकली ती वाणिज्य शाखेतून, आणि लागली विम्याच्या कचेरीत. चांगली खुर्ची, पंखा, खिडकी. पण त्या कचेरीच्या दारात काचेची पेटी होती माशांची, आणि दर थोड्या दिवसांनी मासे मरायचे. शिपाई पेटी धुवायचा म्हणजे सगळं पाणी मोरीत ओतायचा, काच घासायचा आणि नळाचं ताजं पाणी भरायचा. पेटी लख्ख, मासे उताणे. मग नवे मासे यायचे. हिने ते काम आपल्याकडे घेतलं. पाणी तेवढंच ठेवून खालची घाण तेवढी नळीने ओढायची. मासे मरायचे थांबले. मोठ्या साहेबांनी बोलावून काय सांगावं? "तुम्ही काउंटर सांभाळा. पेटीला माणूस आहे." हिने पेटीच्या बाजूने निर्णय घेतला आणि राजीनामा देऊन घरी आली.

मी दोन दिवस जेवले नाही. हे म्हणाले, "जाऊ दे, काही तरी विचार केला असेल तिने." ह्यांचं सगळ्यालाच 'जाऊ दे' असतं. घराला आग लागली तरी हे खिडकीतून बघून म्हणतील, जाऊ दे, थंडीचे दिवस आहेत.

आधी ती एका रोपवाटिकेत राबली, मग स्वतःची कामं घ्यायला लागली. कोणाच्या बंगल्यातलं कारंजं, कुठल्या शाळेतलं कमळांचं तळं, एका हॉटेलातला ओढा, जो ओढा नव्हताच, नुसता दिखावा होता. या सगळ्या ठिकाणी तिला लोक विचारतात, "पाणी काढून का नाही टाकत? सोपं पडेल." तिचा आवाज माझ्यावर गेलाय. ती सांगते, "तुमच्या घरात झाडू मारायचा तर आम्ही आधी छप्पर काढतो का?"

आता मूळ गोष्ट. आमच्या वसाहतीत चार इमारती, मधे बाग, आणि बागेत एक तळं. इमारतींच्या आधीपासूनचं. घसरडे काठ, मधे कमळाची पानं, तांबूस मासे आणि एक कासव, जे सगळ्यांना माहीत आहे पण फारसं कोणी बघितलेलं नाही. काठावरचं भलंमोठं झाड वर्षभर पानं गाळतं ती सगळी तळ्यात. वर आमची माणसं. वेफर्सची पाकिटं, चेंडू, पाण्याच्या बाटल्या, एकदा तर प्लास्टिकची अख्खी खुर्ची. बुडाशी सगळं कुजायला लागलं आणि वास सुटला.

मला एक गोष्ट तिने पूर्वीच सांगून ठेवली होती. "आई, या तळ्याच्या बुडाला सिमेंट नाही. चिकणमाती तुडवून तुडवून बसवलीय. ओली आहे तोवर ती पाणी धरते. एकदा का वाळली, की भेगा पडतात. मग तू नदी आणून ओत, चाळणीत ओतल्यासारखं होणार." म्हणजे हे तळं एकदा कोरडं पडलं की संपलं. तेवढं लक्षात ठेवा.

वासाच्या तक्रारी झाल्या तेव्हा अध्यक्षांनी सभा बोलावली. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. बोलतात असे की समोर चार माणसं असली तरी मैदान भरलंय असं वाटावं. त्यांच्या दोन गाड्या. एक आत उभी राहते, एक रस्त्यावर, आणि रस्त्यावरच्या गाडीवर कावळे बसतात याचं त्यांना अपार दुःख. सभा तळमजल्यावरच्या खोलीत, टेबल टेनिसच्या टेबलामागे ते उभे.

"मंडळी, वेळ घालवत नाही. तळं उपसायचं, आणि लवकर उपसायचं. कोणाकोणाची संमती?"

सगळ्यात पहिला हात कोणाचा वर गेला? माझ्या मुलीचा. वर म्हणते कशी, "मी उपसते ना!"

"तुम्ही कशाला त्रास घेता? माणूस आहे आपल्याकडे."

"माणूस कशाला? मी घरचीच आहे. थोडं थोडं करून उपसते."

"थोडं थोडं तर थोडं थोडं. पण उपसा बाई एकदाचं!"

सगळे हसले, सगळ्यांचे हात वर झाले. माझाही. ह्यांचा तर दोनदा झाला, कारण पहिल्यांदा ते डुलकीत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. वरचा कचरा लांब दांड्याच्या जाळीने. मग बोथट दातांचं दाताळं घेऊन बुडाची पानं हलक्या हाताने ओढायची, कारण जोर लावला तर खालची माती खरवडते. उरलेला गाळ पाइपने. पाइप पाण्याने भरून, अंगठ्याने तोंड दाबून, एक टोक बुडाशी सोडायचं आणि दुसरं काठाखालच्या बादलीत. अंगठा काढला की काळं पाणी आपोआप ओढलं जातं. बादलीवर जुनं धोतर बांधलेलं. गाळ वर राहतो, पाणी गळून खाली येतं, ते परत तळ्यात. गाळ झाडांच्या आळ्यात. आणि एका वेळी एकच कोपरा. सगळं एकदम ढवळलं तर मासे गुदमरतात.

मी काठावर टॉवेल घेऊन उभी. "अगं, काच असेल खाली!" "बूट आहेत आई." "जळवा असतील!" "त्यांना माझं रक्त आवडत नाही, कडू आहे." "घसरशील!" "तू ओरडतेस म्हणून दचकून घसरेन एखाद वेळी."

बाहेर काढलेली पानं आणि शेवाळ ती लगेच फेकायची नाही. तळ्याच्या अगदी कडेला ढीग घालून ठेवायची, एक दिवस. लोकांना तेवढं पुरलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू पाठीमागे हात बांधून आल्या.

"का गं, घाण काढतेस ती काठावरच मांडून ठेवतेस? प्रदर्शन आहे का?"

"काकू, त्यात अडकलेल्यांना घरी जायला वेळ देतेय."

"कोणाला?"

"गोगलगायी आहेत, किडे आहेत, बेडकांची पिल्लं आहेत. सरपटत जातात परत पाण्यात."

"अगंबाई! म्हणजे अजून पाहुणे आहेत आत?"

काकूंचं मी मनावर घेतलं नाही. त्या बोलतात आणि विसरतात. पण अध्यक्ष रोज फेरी मारताना थांबायचे, नाक दाबायचे आणि म्हणायचे, "अजून पाणी दिसतंय की." मला ते वाक्य तेव्हाच खटकायला हवं होतं. तळ्यात पाणी दिसणार नाही तर काय दिसणार?

एक दिवस ती लांबच्या शाळेच्या कामाला गेली होती. मी भाजी चिरत होते, आणि खालून धाडधाड आवाज यायला लागला. खिडकीतून बघितलं तर काठावर इंजिन, त्याचा हत्तीच्या सोंडेएवढा पाइप तळ्यात आणि दुसरं टोक गटारात. गटार दुथडी भरून वाहतंय. मी हातातल्या सुरीसकट जिने उतरले. काठाजवळ चिखलात पाय रुतला, माझी एक चप्पल तिथेच राहिली, कुठे गेली कळलंही नाही.

"अहो, बंद करा! काय करताय?"

पंपवाला भला माणूस होता, पण सुरी बघून दोन पावलं मागे सरला. "मावशी, मला 'तळं उपसा' म्हणून सांगितलंय."

"उपसा म्हणजे गाळ उपसा!"

"गाळ उपसायला पंप कशाला आणेन मी? पंपाने पाणीच उपसतात."

त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणून मला आणखीच चीड आली. तोवर अध्यक्ष आले, इस्त्रीच्या शर्टात, जणू उद्घाटनाला.

"वहिनी, सर्वानुमते ठरलंय हे. पहिला हात तुमच्याच मुलीचा होता."

"तिला वाटलं तुम्ही गाळाबद्दल बोलताय!"

"मी गाळ म्हणालो का?"

"तुम्ही पाणी तरी म्हणालात का?"

अध्यक्षांनी मान फिरवली. मग आजूबाजूला बघून म्हणाले, "आपले मास्तर आहेत ना, त्यांनाच विचारू." मास्तर म्हणजे पहिल्या इमारतीतले निवृत्त भाषाशिक्षक. सकाळी माशांना पाव घालायला येतात. ते पावाची पिशवी घेऊन उभेच होते, आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी व्याकरण विचारलं नव्हतं. चेहरा खुलला.

"उपसणे. सकर्मक क्रियापद. विहीर उपसली, म्हणजे विहिरीतलं पाणी काढलं. गाळ उपसला, म्हणजे गाळच काढला. आता, तळं उपसलं, म्हणजे..." त्यांनी डोळे मिटले. पंप धाडधाडतोय, पाणी गटारात चाललंय, कमळाची पानं चिखलाला टेकायला लागलीत, आणि आम्ही सगळे मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघतोय.

"म्हणजे?" अध्यक्ष.

"दोन्ही होऊ शकतं," मास्तर म्हणाले. "वाक्यातच संदिग्धता आहे."

माझं डोकं फिरलं. मी पंपवाल्याकडे वळले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "दादा, हे तुमचं यंत्र बंद कसं होतं हो?"

"हा बघा, हा लाल खटका," तो बिचारा म्हणाला.

मी दाबला.

एवढी शांतता मी त्या बागेत कधी ऐकली नव्हती. मग मी मुलीची बादली पालथी घातली, खटक्याच्या पुढ्यात ठेवली आणि तिच्यावर बसले. अध्यक्ष लाल झाले. "वहिनी, तुम्ही सुशिक्षित आहात. हे शोभत नाही."

"सुशिक्षित आहे म्हणूनच बसलेय. संदिग्धता संपेपर्यंत उठणार नाही."

हे खिडकीत आले. मला वाटलं आता 'जाऊ दे' म्हणणार. ह्यांनी खाली बघितलं, अध्यक्षांकडे बघितलं आणि ओरडून विचारलं, "तुला तिथे चहा पाठवू का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे इतके उपयोगी पडलेले मला आठवत नाहीत.

बादलीवर बसल्या बसल्या मी मुलीला फोन केला होता. ती आली ती धावतच. मला वाटलं ओरडेल, रडेल. ती थेट पाण्याकडे गेली. तळ्याची कड उघडी पडली होती, ओल्या मातीचा रुंद पट्टा उन्हात चकाकत होता, मधल्या डबक्यात मासे एकावर एक. तिने काठावर बसून त्या मातीला हात लावला, कपाळाला लावतात तसा, तापलंय का बघायला.

"गोणपाटं," ती म्हणाली. "मिळतील तेवढी. ओली करून या पट्ट्यावर घालायची. भेगा पडायच्या आत."

आणि पाणी? मी म्हटलं, नळी लावू. "नाही आई, नळाच्या पाण्यात औषध असतं, एकदम ओतलं तर उरलेले मासे जातील. भरून उघडं ठेवायचं, मग थोडं थोडं घालायचं." मग आमच्या घरातल्या बादल्या, टब, पातेली, पिंप, सगळं बागेत. काकूंनी वरून आपला कपडे भिजवायचा टब उतरवला आणि वर बजावलं, "किडे घालू नकोस हं त्यात." पंपवाल्याने गाडीतली ताडपत्री काढून सावलीला बांधली. "मला आधी कोणी सांगितलं असतं तर," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. अध्यक्ष तेवढे हाताची घडी घालून उभे होते. पँटला चिखल लागू नये म्हणून जरा लांबच.

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? पुन्हा सभा! म्हणे तळं निम्मं रिकामं झालंच आहे, तर उरलेलंही उपसून टाकू, संमती द्या. चूक यांची, नासधूस यांची, आणि तिचाच आधार घेऊन पुढची पायरी!  मी उठणार तोच मुलीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि स्वतः उठली. तिच्या बाह्यांना अजून चिखल होता.

"आज मी हात वर करणार नाही," ती म्हणाली. "आधी वाक्य पूर्ण करा."

"म्हणजे?"

"काय उपसायचं, ते बोला."

"तळं! किती वेळा सांगू?"

"तळं नाही. एक तर पाणी, नाही तर गाळ."

"बरोबर. कर्म स्पष्ट हवं," मागून मास्तर.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बरं. पाणी. पाणी उपसायचं."

"आणि मग?"

"मग बूड साफ करायचं."

"ते वाळून फुटणार. पुन्हा पाणी धरणार नाही. मग?"

"मग काय, सपाट करू."

"सपाट करून?"

 "जागेचा काही तरी सदुपयोग होईलच की," अध्यक्ष म्हणाले. "गाड्यांची किती अडचण होते आपल्या सगळ्यांची..."

काकू ताडकन उठल्या. "थांबा. म्हणजे मी मागच्या सभेत तुमच्या गाडीसाठी हात वर केला होता? मी?" काकूंकडे सायकलसुद्धा नाही. "मला वाटलं वास जाणार म्हणून!"

मग जो गलका झाला त्यात मला मन भरून बोलता आलं. काय काय बोलले ते ह्यांनी नंतर मला सांगितलं, आणि त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मास्तरांनी वाक्य सांगितलं, मुलीने ते मोठ्याने म्हटलं, "तळ्यातला गाळ उपसायचा, तळ्यातलं पाणी राहू द्यायचं," आणि त्या वाक्याला हात वर झाले. अध्यक्षांचा आणि त्यांच्या शेजारच्या एका गृहस्थांचा सोडून सगळे.

तळं राहिलं. पण फुकट नाही. झाडाची सावली पोचत नाही त्या बाजूला गोणपाटाखालीही भेगा पडल्याच. मुलीने चिकणमाती आणून, पायांनी तुडवून, ती बाजू पुन्हा बसवली. पाठ आखडली ती अजून सुटलेली नाही, आणि रोज गरम पाण्याची पिशवी मी देते, अध्यक्ष नाही. काही मासे गेले. पाणी पूर्वीपेक्षा खालीच राहतं. कासव दिसलं नाही, पण ते आधीही दिसायचं नाही, म्हणून ते आहेच, असं ती म्हणते आणि मी मान हलवते.

आता सोसायटीच्या फलकावर फोटो लागलाय. अध्यक्ष काठावर उभे, हातात माझ्या मुलीची जाळी, खाली ओळ: 'अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली तळ्याची स्वच्छता.' आणि जाळी उलटी धरलीय! दांडा पाण्यात, जाळी खांद्यावर! मी तो कागद फाडायला निघाले होते. मुलीने अडवलं. तिला इतकं हसू येत होतं की बोलता येईना. "राहू दे आई. त्या फोटोसारखी माझी जाहिरात दुसरी होणार नाही."

हसते! मला नाही हसू येत. ज्याने मोडायला घेतलं त्याचा फोटो, जिने वाचवलं तिचा छंद. काल अध्यक्ष जिन्यात भेटले तर मलाच म्हणतात, "वहिनी, मुलीने छंद मात्र छान जोपासलाय." मी म्हटलं, "हो ना. तुमच्या गाडीवर कावळे बसतात तोही त्यांचा छंदच असेल."

आज सकाळी ती शेवटच्या कोपऱ्यात उतरली होती. मी काठावर, टॉवेल घेऊन. वाकली, खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपत राहिली.  "काय आहे? काच आहे का? सोड ते, बाहेर ये!" ती सरळ झाली, हात वर केला, काळा गाळ कोपरावरून ओघळत होता. हातात माझी चप्पल.

"पडली होती," ती म्हणाली.

 मी चप्पल घेतली, टॉवेलने पुसली, टॉवेल वाया गेला. दुसऱ्या पायातली मी त्याच दिवशी संतापून अध्यक्षांच्या दिशेने भिरकावली होती. ती काही त्यांनी अजून परत केलेली नाही.